खुलासा: गोडॉटला ना ५० जीबी लागतात, ना महागडं ग्राफिक्स कार्ड

गोडॉट हे गेम बनवायचं मोफत सॉफ्टवेअर. त्याला ५० जीबी आणि महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं, हा जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा दावा चुकीचा आहे. गोडॉट ४ ची विंडोजसाठीची झिप १५० एमबीच्या आत आहे. इन्स्टॉलर नाही, झिप पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करून एक्झी फाइल चालवायची, बस्स.

नवशिक्यांनी साधी आवृत्तीच घ्यावी. डॉट नेट आवृत्तीला (सी शार्प भाषेत कोड लिहिणाऱ्यांसाठीची) वेगळं एसडीके, म्हणजे कोड तयार करायच्या साधनांचा संच, लागतं, आणि ती झिपमधूनच उघडली तर सोबतचा गोडॉटशार्प फोल्डर सापडत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात.

जुन्या लॅपटॉपवर व्हल्कनची (ग्राफिक्स कार्ड वापरण्याची नवी प्रणाली) एरर आली, तर नवा प्रोजेक्ट बनवताना ‘कंपॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडा. त्याला ओपनजीएल ३.३ ही जुनी ग्राफिक्स प्रणाली पुरते. एक्स्पोर्ट टेम्प्लेट्सचं (गेम इतरांना चालवता येईल अशा फाइलमध्ये बदलायला लागणाऱ्या तयार फाइल्स) डाउनलोड मात्र मोठं आहे, पण ते गेम तयार झाल्यावरच लागतं.