धोतराखालचे मोजे
पुरुषांनी गुडघ्यापर्यंतचे मोजे पुन्हा वापरावेत, हे लेखातलं म्हणणं वाचून आजोबाच आठवले. नौपाड्यातून ठाणे स्टेशनला चालत निघायचे ते धोतर, काळा कोट, बूट आणि लांब मोजे अशा थाटात. मोजे घसरू नयेत म्हणून पोटरीला इलॅस्टिकचा पट्टा! लेखात राहिलेली एक गोष्ट: मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ मध्ये बनवलं, तेव्हा पोटऱ्या मिरवायचे ते पुरुषच. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गुडघ्यापर्यंतची विजार म्हणजे उमरावी थाट ठरला आणि लांब पँटचे दिवस आले. आपल्याकडे पाडव्याच्या यात्रेत धोतर दिसतं हल्ली, पण शिवलेलं, नाडीवालं. मोज्यांचं मात्र कठीण. जुलैत राममारुती रोड ओलांडेपर्यंत पिळायची वेळ येते.