साडेसात हजार तास आणि मिनिट्स

"अगं, पण तू तर मिनिट्स लिहायचीस ना?"

परवा संध्याकाळी माझ्या जुन्या साहेबांनी फोनवर मला हा प्रश्न विचारला. मिनिट्स म्हणजे मीटिंगमध्ये कोण काय बोललं त्याची नोंद. निरागसपणे विचारला, हे जास्त लागलं. टोमणा असता तर परतवता तरी आला असता.

झालं असं, की मी सीबीएपीच्या परीक्षेला बसायचं ठरवलंय. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे बीए, कंपनीला नेमकं काय हवंय ते शोधून काढणारी माणसं. त्यांची ही परीक्षा. २००३ साली स्थापन झालेली आयआयबीए नावाची संस्था ती घेते. परीक्षेची भीती वाटायला अजून वेळ आहे, कारण त्याआधी अर्ज आहे. गेल्या दहा वर्षांत हे काम किमान ७,५०० तास केलंय, असं त्यात मांडून दाखवायचं. साडेसाती साडेसात वर्षांची असते असं ऐकून होते, ही साडेसात हजार तासांची निघाली. आठ तासांचा दिवस धरला तर साडेनऊशेला थोडे कमी दिवस. शिवाय या कामाच्या सहा ज्ञानक्षेत्रांपैकी किमान चारांत प्रत्येकी ९०० तास हवेत. माझी नोकरी बारा वर्षांची, म्हणजे पहिली दोन वर्षं हिशेबातून बाद. सगळ्यात जास्त मी राबले ती नेमकी त्याच दोन वर्षांत. असो.

तक्ता भरायला बसले. काम केलं होतं, यात शंका नाही. पण आठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी मी गरजा गोळा करत होते, की गोळा केलेल्या गरजांचं विश्लेषण करत होते, की मीटिंग रूमची किल्ली कुणाकडे आहे ते शोधत होते, हे आता कसं सांगणार? किल्ली शोधण्यात गेलेले तास खरे धरले तर मी दोनदा पात्र ठरेन.

अर्जात संदर्भ म्हणून दोन माणसांची नावंही द्यायची असतात. न विचारता कुणाचं नाव देणं बरं दिसत नाही, म्हणून साहेबांना फोन लावला. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती.

"मिनिट्स लिहायचे सर, पण ते काम नव्हतं माझं. मी बीए होते."

"हो हो, बीए. मग पुढे एमए का नाही केलंस?"

हा विनोद मी बारा वर्षांत इतक्यांदा ऐकलाय, की मला त्यावर हसण्याचे तास वेगळे लावायला हवेत. हसले. आता त्यांच्या हाताखाली नाही, तरी हसले. सवय.

"बरं, नक्की करायचीस काय तू?" आता ते गंभीर झाले. "म्हणजे प्रोग्रॅमर कोड लिहायचे, टेस्टर चुका काढायचे. तू मधे असायचीस, हे आठवतंय."

मधे असायचे! व्याख्या म्हणून वाईट नाही. आमच्या बाबॉक नावाच्या ग्रंथात बिझनेस अ‍ॅनालिसिसची व्याख्या बरीच भारदस्त आहे. संस्थेला बदल घडवता यावा म्हणून गरज काय ते ठरवायचं, आणि ज्यांचं हित गुंतलंय त्यांना मोल मिळेल असे उपाय सुचवायचे, असा तिचा साधारण अर्थ. रोज रात्री तो ग्रंथ उशाशी असतो. २०१५ ची तिसरी आवृत्ती, पाचशेच्या वर पानं, तीस टास्क आणि पन्नास तंत्रं. त्यात 'व्हेरिफाय' आणि 'व्हॅलिडेट' ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि निम्मे परीक्षार्थी तिथेच ठेचकाळतात. मी माझ्यापुरती खूणगाठ बांधली आहे. साहेबांच्या ईमेलमध्ये एकही चूक नसायची, वाक्यं स्वच्छ, मुद्दे सुटसुटीत. म्हणजे व्हेरिफाय झालं. मागितलेली गोष्ट मात्र कुणालाच नको असायची. तिथे व्हॅलिडेट नापास.

"किती तास म्हणालीस?"

"साडेसात हजार."

"बाप रे! जास्त होतात गं. पाच हजारांत बसव."

"सर, हा एस्टिमेट नाही. झालेले तास आहेत."

"झालेले असले तरी काय झालं? थोडे कापता येतातच. तीस टक्के बफर तू नेहमीच धरायचीस, मला ठाऊक होतं."

हे ऐकून मात्र मी गप्प झाले. सहा वर्षं माझा प्रत्येक अंदाज हा माणूस कात्री लावून पुढे पाठवत होता, आणि मग रात्री अकराला कामं उरकत आम्ही बसायचो. आता तर तो माझा भूतकाळही कापायला निघाला होता. मी शांतपणे सांगितलं, की साडेसात हजाराला एक तास कमी पडला तरी चालत नाही. ते म्हणाले, "मग क्लायंटशी बोलून स्कोप कमी करून घे ना."

शेवटी मीच त्यांना आठवण करून दिली. "सर, तो रोजच्या रिपोर्टचा प्रोजेक्ट आठवतो?"

रोज सकाळी एक रिपोर्ट निघायचा, तीन प्रतींत. तो चाळीस मिनिटं घ्यायचा म्हणून वेगवान नवी सिस्टिम बांधायची, असा बेत. मी विचारलं, हा रिपोर्ट वाचतं कोण? एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. सलग पाच वेळा 'का' विचारायचं तंत्र पुस्तकात आहे, मला सात वेळा विचारावं लागलं. सरतेशेवटी एका कपाटापाशी पोचले. एक सद्गृहस्थ तिन्ही प्रती रोज नीट पंच करून फायलीत लावत होते. पाठीवर तारखेची चिठ्ठी, चिठ्ठीवर चिकटपट्टी. रिपोर्ट ज्यांनी मागवला होता ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि थांबवा असं कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट बंद झाला. सिस्टिम बांधायची गरजच उरली नाही. बारा वर्षांत मी केलेलं सगळ्यात चोख काम ते हेच.

"आठवतो तर!" साहेबांचा आवाज एकदम चढला. "आठ माणसांचा प्रोजेक्ट तुझ्यामुळे गेला! त्या वर्षी माझं टार्गेट हुकलं!"

म्हणजे मी काय करायचे ते त्यांना आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. फक्त त्याला काम म्हणायची त्यांची तयारी नव्हती. कोड दिसतो, चुकांची यादी दिसते. न बांधलेली सिस्टिम कुणाला कशी दाखवणार? तिला स्क्रीनशॉट नसतो. आणि मिनिट्स मीच का लिहायचे, याचाही एकदा सात वेळा 'का' विचारून छडा लावायला हवा होता. खोलीत नऊ जण असायचे, पण वही आपसूक माझ्यापुढे सरकायची. 'तुझं अक्षर छान आहे' म्हणे. मी लॅपटॉपवर टाइप करायचे.

परीक्षेत १२० प्रश्न आहेत आणि साडेतीन तास. प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. सराव परीक्षेत चारही पर्याय बरोबर वाटतात, त्यातला सर्वांत बरोबर निवडायचा असतो. मी चुकते ती इथेच. ऑफिसमध्ये कधी निवडच करावी लागली नाही. चारही करा आणि उद्या सकाळी द्या, असंच उत्तर असायचं.

शेवटी साहेब विरघळले. "दे माझं नाव. मुलगी हुशार होती, हे सांगेन मी." मी एक्केचाळीस वर्षांची आहे. आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि हे बघ, आत्ता आपण जे बोललो ना, ते माझ्या लक्षात राहायचं नाही. त्याचे जरा मिनिट्स पाठवतेस का?"

पाठवले. मुद्देसूद, क्रमांक घालून, शेवटी 'काही राहिलं असल्यास कळवावे' असं लिहून. तक्त्यात तो अर्धा तास 'एलिसिटेशन', म्हणजे लोकांकडून माहिती काढून घेणं, या सदराखाली टाकून ठेवलाय. कुणी शंका काढलीच, तर संदर्भाला साहेबांचं नाव आहेच.