ऑइल की पाणी

गणपतीच्या आधी घराला रंग काढून घेऊ, असं जुलै महिन्यात म्हणणाऱ्या माणसाला डोंबिवलीत पाऊस पडतो हे माहीत नसतं असं नाही, पण मखराच्या मागची भिंत फोटोत कशी दिसते हेही त्याला माहीत असतं. तो माणूस मी.

आमच्या हॉलला बाबांनी 1994 साली पिस्ता कलरचा ऑइल पेंट मारून घेतलाय. असा चकचकीत की ट्यूब लावली की समोरच्या भिंतीत दुसरी ट्यूब लागते. बाबा दिवाणावर बसून भिंतीला डोकं टेकून पेपर वाचतात, डोक्याला खोबरेल, त्यामुळे भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या मापाचा गोल उमटतो, आणि रविवारी ते स्वतःच ओल्या फडक्याने तो पुसतात. लहानपणी मी याच भिंतीवर खडूने ट्रेन काढली होती तीपण अशीच गेली. "धुता येतो" हा बाबांचा एकमेव मुद्दा, पण तीस वर्षं टिकलेला.

बायकोला हवा वॉटरबेस्ड, मॅट फिनिश. "अहो, हॉलमध्ये बसलं की सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नंबर लावून बसल्यासारखं वाटतं." आता हे ती मला म्हणते पण आवाज बाबांना जाईल इतका, आणि बाबा उत्तर देतात तेही मलाच. मी मधली भिंत. मला कुठला रंग लावायचा कुणी विचारलं नाही.

शेवटी मी दोन रात्री बसून अभ्यास केला. ऑइल पेंटचा थर हवाबंद, भिंतीतली ओल अडकली की फुगे येतात. कपाटामागे उजेड नसतो तिथे पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो. आणि नव्या प्लास्टरवर घाईने मारला तर चुन्यातल्या क्षाराने तेलाचा चक्क साबण होतो! जेवताना हे सांगितलं तर बाबा भाकरी मोडत म्हणाले, "तीस वर्षांत फेस आलेला बघितला नाही मी."

दुकानदाराने तोडगा काढला, ऑइल बाउंड डिस्टेंपर घ्या. बाबा खूश, नावात ऑइल आहे. मग कळलं ते पातळ करायला पाणीच ओततात. "म्हणजे युतीचं सरकार," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

पेंटर आला, त्याने भिंतीवर एकदा नख मारलं आणि दीड मिनिटात निकाल दिला. भिंतींना पाण्याचा, दरवाजे आणि ग्रिलला ऑइल, सगळीकडे तसंच करतात काका. आम्ही तिघं महिनाभर कशावर भांडत होतो कुणास ठाऊक.

पण जाता जाता तो म्हणाला, जुन्या ऑइलवर पाण्याचा रंग धरत नाही, आधी पॉलिश पेपर मारून चकाकी घालवावी लागेल. इथे माझा अभ्यास आडवा आला. जुन्या रंगांत शिसं असायचं, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि आमची भिंत 1994 ची! घरात लहान पोर, धूळ उडवायची नाही म्हणजे नाही. तो म्हणाला, मग पाणी लावून घासू, धूळ उडत नाही, दोन दिवस जास्त लागतील. गणपतीला राहिले होते नऊ दिवस. मी म्हटलं राहू दे रे, मार असाच.

भिंती खरंच दुपारपर्यंत सुकल्या, वास नाही काही नाही, बायको मोबाईलवर फोटो काढत फिरतेय. दरवाज्यांनी मात्र जीव घेतला. पेंटर म्हणाला होता रात्रभरात कडक होईल, पण बाहेर धो धो पाऊस, तीन दिवस बोट लावलं की बोट चिकटतंय. बाथरूमचं दार लावायचं नाही, म्हणून आत जाणाऱ्याने गाणं म्हणायचं असा नियम झाला (बाबा अथर्वशीर्ष म्हणायचे). ट्यूबच्या उजेडावर आलेले पावसाळी किडे दाराला चिकटले ते अजून तिथेच आहेत, वरून दुसरा कोट बसलाय. मोदकाच्या सारणाला टर्पेंटाईनचा वास येतोय असं मला वाटत होतं, बायको म्हणाली तुमच्या हातांना येतोय.

बाप्पा आले, फोटो छान आले, भिंतीचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाबा पाच दिवस काही बोलले नाहीत, फक्त दिवाणावर उशी मागे घेऊन बसायचे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मखर काढायला घेतलं. पडदा सेलोटेपने भिंतीला चिकटवलेला. टेप ओढली, टेपबरोबर रंग आला, वेफरच्या पुडीसारखा सरळ उघडत खालपर्यंत. आत पिस्ता कलर, जसाच्या तसा चकचकीत, त्यात माझं तोंड दिसत होतं.

बाबा उठले, फडकं ओलं करून आणलं, आणि तेवढी पट्टी पुसली.