तिरंग्याचे रंग धर्मांना वाटून टाकणाऱ्या त्या मेसेजबद्दल

ऑगस्ट आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. थोडक्यात असा: झेंड्यातला केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा, आणि हे म्हणे घटनेतच लिहिलंय, हिरवा मागाहून कुणाला तरी खूश करायला घुसवला, चक्राच्या 24 आऱ्यांचे सरकारनं ठरवलेले 24 अर्थ आहेत, आजचा झेंडा जसाच्या तसा आंध्रच्या एकट्या पिंगली वेंकय्यांनी बनवला, आणि 1947 ला तो ऐनवेळी घाईत ठरवला. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो पटतो आणि पुढे जातो. म्हणूनच नीट उत्तर लिहितोय.

आधी घटनेचं. घटनेत रंगांचा अर्थ सोडाच, झेंड्याचं वर्णनसुद्धा नाही. कलम 51क मध्ये, नागरिकांच्या कर्तव्यांत, राष्ट्रध्वजाचा आदर करा एवढं आहे आणि तेही 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आलं. झेंड्याचं वर्णन आहे ते संविधान सभेच्या 22 जुलै 1947 च्या ठरावात, नेहरूंनी मांडलेल्या. गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे, मधे गडद निळं चक्र, उंचीला 2 तर लांबीला 3 असं प्रमाण. कुठल्याही धर्माचं नाव त्यात नाही.

आता रंग धर्मांचे, हा मुख्य मुद्दा. खरं सांगायचं तर 1921 साली हा अर्थ होता. बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, वेंकय्यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचं डिझाइन दिलं, लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा असंच तेव्हा धरलं होतं, मग बाकीच्या धर्मांसाठी गांधीजींनी पांढरा घालायला सांगितला. त्या झेंड्यात पांढरा वर, हिरवा मधे आणि लाल खाली होता. म्हणजे हिरवा मागाहून घुसवला हा मुद्दा इथेच संपतो, हिरवा पहिल्या दिवसापासून आहे, उलट केशरीच दहा वर्षांनी आला.

पण मेसेज 1921 लाच थांबतो आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. एकदा रंग धर्मांना वाटले की ज्याला मिळाला नाही तो विचारणारच, आमचा कुठाय? शिखांनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग 1931 ला कराचीत काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली, त्यात पटेल, नेहरू, मौलाना आझाद, शिखांचे नेते मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या आणि आपल्याकडचे काका कालेलकर, हुबळीचे डॉ. हर्डीकर असे लोक होते. या समितीनं काय सुचवलं माहितीये? अख्खा झेंडा एकाच केशरी रंगाचा, त्यावर चरखा. ज्या समितीत आझाद आणि तारासिंग बसलेत तिनं हे सुचवलं, कारण त्यांच्या लेखी तो रंग कुठल्या एका धर्माचा नव्हता! मला ही सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

काँग्रेसनं ती शिफारस घेतली नाही, ऑगस्ट 1931 मध्ये मुंबईत तिरंगाच ठरला, फक्त लालच्या जागी केशरी आला आणि तो वर गेला, पांढरा मधे आणि त्यावर चरखा, हिरवा खाली. आणि ठरावातच स्पष्ट केलं की रंगांना जातीय अर्थ नाही: केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा शांती आणि सत्याचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. म्हणजे जो अर्थ होता तो विचार करून, वाद घालून काढून टाकला. 1947 ला नेहरूंनी तेच पुन्हा सांगितलं, राधाकृष्णन बोलले तेव्हा भगवा त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा मातीशी आणि झाडापानांशी असलेल्या नात्याचा असं म्हणाले. त्यांनी काढून टाकलेलं आपण दर ऑगस्टला परत चिकटवतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

24 आऱ्यांचं लवकर आटोपतो. सारनाथच्या अशोकाच्या सिंहस्तंभावर सिंहांखालच्या बैठकीवर जे चक्र आहे त्याला 24 आरे आहेत, तेच चक्र घेतलं म्हणून झेंड्यावर 24. प्रेम, धैर्य, संयम वगैरे जी यादी फिरते ती ठरावात नाही. ठरावात आहे ते असं, की हे चक्र चरख्याचं प्रतीक आहे. चरखा आहे तसा का नाही ठेवला, तर चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला, झेंड्याच्या मागून बघितलं की उलटं दिसतं, चक्र दोन्हीकडून सारखं.

वेंकय्यांबद्दल बोलताना मला जपून लिहायचंय, कारण त्या माणसाला हयातीत फार काही मिळालं नाही, 1916 मध्येच त्यांनी झेंड्याच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं होतं आणि मूळ कल्पनेचं श्रेय त्यांचंच. पण चरखा सुचवला जालंधरच्या लाला हंसराज यांनी, पांढरा गांधीजींचा, केशरी आणि पट्ट्यांचा क्रम 1931 चा, चक्र 1947 चं. अनेक हातांनी झालेला झेंडा आहे, असं म्हटल्यानं वेंकय्या लहान होत नाहीत.

राहिलं ऐनवेळी ठरवला हे. झेंडा ठरवायला नेमलेली राजेंद्र प्रसादांची समिती 1947 च्या 23 जूनला बसली आणि 14 जुलैला तिचं ठरलं हे खरं, त्यात आंबेडकर, आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी होते. पण तीन आठवड्यांत बदललं काय तर चरख्याच्या जागी चक्र. झेंडा आधीच लोकांचा झालेला होता, नेहरूही सभेत हेच म्हणाले की तो कुठल्या ठरावानं नाही, लोकांनी वापरून आणि त्यासाठी सोसून स्वीकारलाय. 1923 ला नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती म्हणून जमनालाल बजाजांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला, ते पकडले गेल्यावर पटेल आले, वेगवेगळ्या प्रांतांतून लोक येऊन तुरुंगात गेले. आणि 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारच्या चौकात गोळीबार झाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या शिरीषकुमार मेहताच्या हातात हाच चरखावाला केशरी-पांढरा-हिरवा झेंडा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही आणखी चार मुलं गेली.