नानांचा काटा आणि माझी बियर

वय ४७, दोन पोरं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि एवढं सगळं होऊनही वडिलांसमोर बियर प्यायची वेळ माझ्यावर आजवर कधी आली नव्हती. ती यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली.

झालं असं की भाचा पुण्याहून आलेला. आमरस-पुरणपोळी हाणून आम्ही दोघं ओट्यावर आडवे पडलेलो, बाहेर ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं. तो म्हणाला, "मामा, हायवेवरची ती जुनी जिनिंग आहे ना, तिथं ब्रूपब झालंय, संध्याकाळी जाऊ." मी आवाज बारीक करून विचारलं, ब्रूपब म्हणजे काय रे भो? त्यानं आवाज मोठा करून सांगितलं, "अहो तिथल्या तिथं बियर बनवतात, ताजी!" आमच्या घरात बियर हा शब्द एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. आणि आत घोरत असलेले नाना, म्हणजे माझे वडील, घोरणं थांबवून म्हणाले, "कोणती जिनिंग?"

ही जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, नानांची जिनिंग. मालक दुसरा होता, पण ३१ वर्षं वजनकाट्यावर नाना होते. चोपडा तालुक्यातल्या कापसाच्या गाड्या रात्री २ वाजेपासून रांगेत लागायच्या आणि नाना तोल करायचे, कडता लावायचे म्हणजे वजनात कपात धरायचे, शिव्या खायचे. जिनिंग बंद पडली तेव्हापासून नाना त्या रस्त्यानं जातसुद्धा नव्हते. आणि आता म्हणे, "मी बी येसु. दखसु तरी." नानांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी भाच्याकडे बघितलं, भाचा मोबाइलमध्ये टेबल बुक करत होता. तिघांचं.

गेटवरच पहिला घोळ झाला. नाना थांबले आणि खिशातली काडेपेटी काढून वॉचमनच्या हातात दिली. ते बिडी ओढत नाहीत, देवापुढं दिवा लावायला खिशात ठेवतात, पण जिनिंगच्या गेटवर काडेपेटी जमा करायची हा नियम त्यांच्या हाडात बसलेला. रुईचा ढीग म्हणजे एक ठिणगी पुरे, गठाणीच्या गठाणी जळायच्या. वॉचमन पोरगा गोंधळला, त्याला वाटलं आजोबा टिप देताहेत. आणि आत जाऊन बघतो तर प्रत्येक टेबलावर मेणबत्ती! नानांनी आपल्या टेबलावरची तर फुंकलीच, शेजारच्या टेबलावरचीही फुंकली, तिथं एक जोडपं होतं, ते काही बोललं नाही. आगीच्या लाल बादल्या नानांना लगेच ओळखू आल्या, फक्त त्या वीतभर झाल्या होत्या आणि त्यातून फिंगर चिप्स येत होत्या.

बाकी जागा झकास होती, खोटं कशाला बोलू. पत्र्याचं उंच छत, भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या, वायरी पाइपातून वरून गेलेल्या, बल्ब उघडे. भाचा म्हणाला हा इंडस्ट्रियल लूक. नाना म्हणाले, वायरमनचे पैसे राहिले असतील. खुर्च्या मात्र एवढ्या उंच की बसल्यावर पाय लोंबकळतात, माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा दिसतो. आणि आवाज! त्या छताखाली गाणं वाजत होतं ते कानात न जाता थेट छातीत जायचं. नाना खूश होते, म्हणाले रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालू असताना असाच गोंगाट असायचा, आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. मग पुढचा तासभर ते माझ्याशी हातवाऱ्यांनीच बोलले.

दाराशीच तो काटा होता. नानांचा. शोभेला ठेवलेला, त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी. नानांनी कुंडी उतरवली, बाही वर केली, धोतराच्या सोग्यानं दांडी पुसली आणि मला म्हणाले, "उभा ऱ्हाय." ८३. "खोटं. हाऊ काटा खोटा बोलस." तेवढ्यात एक पोरगा पळत आला, दाढी लांब, केस डोक्यावर बांधलेले, मला वाटलं आता बाहेर काढतो. तर तो तिथला ब्रूअर, म्हणजे बियर बनवणारा निघाला, म्हणाला काका चालतो का हा? नानांनी त्यालाच कामाला लावलं, खात्रीचं वजन आण म्हणाले. तो माल्टचं २५ किलोचं बंद पोतं घेऊन आला. काट्यानं २७ दाखवलं. नानांनी कुठलातरी स्क्रू नखानं दोन वेढे फिरवला, पोतं परत ठेवलं, बरोबर २५. मला परत उभं केलं, ८१. मी मनात म्हटलं बरं झालं, २ किलो कमी झालो. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुठं माहीत होतं.

बसल्यावर वेटरनं परमिट विचारलं. माझ्याकडं कुठलं परमिट, मग ५ रुपयांची एका दिवसाची चिठ्ठी फाडली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही गंमत आहे, महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृती राखण्यासाठी. नानांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडं बघून हातवाऱ्यानं विचारलं, काय होतंय तुला?

मी भाच्याला म्हटलं तूच घे बाबा, मी सरबत घेतो. तर हा म्हणतो, "मामा, माझी दाढ काढलीय, अँटिबायोटिक चालू आहे." म्हणजे मला घेऊन कशाला आला? फोटो काढायला! त्यानं ऑर्डरही देऊन टाकली होती, लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आले, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. नानांनी विचारलं हे डेअरीत फॅट लावायला आणलं का. मी मेनूकार्ड उभं करून त्याच्या आडोशानं एकेक संपवत गेलो, नाना दुसरीकडं बघत होते. आमच्याकडं बाप असाच बघत नाही, लेक असाच पीत नाही, दोघांनाही सगळं माहीत असतं. फक्त त्या काळ्या बियरला करपलेल्या भाकरीचा वास होता आणि माझं तोंड वाकडं झालं ते मेनूकार्डाच्या वर दिसलं असावं.

तेवढ्यात तो ब्रूअर नानांना आतल्या टाक्या दाखवायला घेऊन गेला, मीही मागं गेलो. काचेपलीकडं स्टीलच्या टाक्या, बरोबर जिथं रेच्यांची लाइन होती तिथं. तो मनापासून सांगत होता. जवाला मोड आणून वाळवायचं ते माल्ट, ते भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिठाची साखर होते, मग ते गोड पाणी गाळून हॉप्सची कडू फुलं टाकून तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. "म्हंजे गुऱ्हाळ," नाना म्हणाले. मग त्यानं एका नळातून गढूळ पिवळी बियर ग्लासात काढली, हेफेवायझन, गव्हाची. नानांनी ग्लास हातात घेतला तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला, पण त्यांनी फक्त वास घेतला. आणि डोळे मिटून म्हणाले, "बसराई."

बसराई ही केळीची जात, आणि खरंच केळीचा वास! मी विचारलं, केळी कुठली घालता, रावेरची का? तो हसला, म्हणाला केळी नाहीच त्यात, हे यीस्टच तसलं असतं, आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, पिकल्या केळात असतं तेच. मी कार्ड बघितलं, अर्ध्या लिटरला ३७५ रुपये. भाव पडला होता तेव्हा एवढ्या पैशात माझी अर्धा क्विंटल केळी गेली होती, खऱ्या केळांसकट. इथं नुसत्या वासाचे ३७५. रागानं मी तो ग्लास उभ्याउभ्या संपवला. नाना टाकीकडं बघत होते.

खरं तर ते टाकीखालच्या ढिगाकडं बघत होते. ओला, वाफाळता, पिवळा भुसा. "हाई कथा टाकतस?" म्हणजे हे कुठं टाकता? ब्रूअर म्हणाला गाळलेल्या जवाचा चोथा आहे, ढोरांना चालतो, एक गवळी नेतो. झालं. नानांचे हातवारे बंद, तोंड सुरू. क्विंटलभर कापसातून रुई ३३-३४ किलो निघते, बाकी जवळपास सगळी सरकी, तिची ढेप म्हशीला, म्हणजे या इमारतीचं खरं गिऱ्हाईक पहिल्यापासून म्हैसच, असं त्यांनी त्या पोराला पटवून दिलं आणि दोन पोती फुकटात मिळवली. बिल मात्र माझ्याकडं आलं. त्यात "स्मोक्ड ब्रिंजल डिप" होतं, भाच्यानं मागवलेलं. बिनमिरचीचं भरीत, ४२० रुपये. त्यावर मी काही बोलत नाही.

निघताना पोती दाराशी आणली, तर काट्याभोवती गर्दी. टेबलावरची पोरंपोरी उतरून रांगेत उभी, कुणालातरी कळलं होतं की तो चालतो. नाना सरळ गर्दीतून गेले, दांडी धरली आणि ३१ वर्षांचा आवाज लागला, "चप्पल काढा! रेलू नका! पुढं!" दहा-बारा जणांचा तोल झाला, एका पोरीनं आपलं वजन ऐकून पर्स खाली ठेवून परत करायला लावलं. मग पोत्यांचा तोल झाला. मी हळूच भिंतीकडून सटकत होतो.

"तू बी ये."

म्हटलं नाना, मघाशीच झालं की. "ये." चढलो. नानांनी दांडीवरचं वजन सावकाश सरकवलं, दांडी डुलली, थांबली. साडेब्याऐंशी. गाणंही नेमकं तेव्हाच संपलं. नानांनी माझ्याकडं बघितलं नाही, काट्याकडंच बघत पुटपुटले, "दीड किलो. पावशेर चिप्सचा कडता." आणि मग भाच्याला, "सव्वा किलो नेट. गाडी तू चालव."