जेटचा पंचनामा

माझ्या अंगणाचा रीतसर पंचनामा झालेला आहे. चोरी नाही, आग नाही, मारामारी नाही. गहाळ मुद्देमाल नग एक: मोटारसायकलचा पितळी जेट, करंगळीच्या नखाएवढा. फिर्यादी मी. संशयित म्हणून शेजारच्या काकूंची लाल कोंबडी दोन दिवस डाल्याखाली नजरकैदेत होती, आणि काकू अजूनही माझ्याशी बोलत नाहीत.

गाडी बाबांच्या काळातली हिरो होंडा. तिच्यावर मी रोज अठरा किलोमीटर शाळेत जातो आणि तेवढेच परत येतो. सारा दारव्हा तालुका ती न कुरकुरता फिरली. पण हल्ली उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट फाट आवाज यायचे आणि बांधावरचे बगळे उडायचे. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरंफटक. प्लगचं टोक चांगल्या चहासारखं तपकिरी पाहिजे. काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं असलं तर कमी.

कमी का, तर पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. वजनानं एक भाग पेट्रोल जाळायला 14.7 भाग हवा लागते, एक भाग इथेनॉलला 9 भाग पुरते, कारण ते स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आता इंधन जास्त लागतं. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आहे, तो आपला हिशेब जुळवून घेतो. माझ्या गाडीत कॉम्प्युटर नाही, भोक आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेत मिसळतं, ते या भोकातून येतं. भोकाला जेट म्हणतात. मिश्रण बदललं तर भोक बदला, एवढंच.

तालुक्याच्या गॅरेजातला पोरगा म्हणाला, "गुरुजी, 2020 नंतरच्या गाड्याईले कार्बोरेटरच नाई राहत. आम्ही स्कॅनर लावतो. हे तुमचं..." आणि त्यानं माझ्या गाडीकडे असं पाहिलं, जसं लग्नात बिनआमंत्रणाच्या पाहुण्याकडे पाहतात. मग मी जेट मागवले. साठ रुपयांचा माल, नव्वद रुपये कुरियर.

तर मे महिना, रविवार, सकाळचे आठ. निंबाच्या सावलीत गाडी लावली, कॉक बंद केला, कार्बोरेटर उतरवला आणि खालची वाटी खोलायला बसलो. चार स्क्रूपैकी तीन निघाले. चौथ्याची खाच बाबांच्या काळापासून झिजून गोल झालेली. पेचकस फिरायचा, स्क्रू जागचा हलायचा नाही. तो अर्ध्या तासानं निघाला, तोवर माझ्या अंगठ्याची साल आणि तोंडाची भाषा दोन्ही गेली होती. जुना जेट काढून स्टीलच्या ताटात ठेवला. (ताट पोळ्यांचं होतं. तो विषय वेगळा आहे आणि घरात अजून मिटलेला नाही.) जुन्यावरचा आकडा घासून गेलेला. नव्यावर 80. आमच्या जातीच्या जेटवर 80 म्हणजे भोक 0.80 मिलिमीटर. दुसऱ्या काही कंपन्या किती पेट्रोल वाहतं त्यावरून आकडा देतात, त्यांचा 80 आपल्या 80 शी जुळत नाही. भिंगातून मी हे पाहत होतो, तेवढ्यात ताटावर सावली पडली.

कोतवाल आबाजी. महसुलाची नोकरी करून रिटायर झालेले. गावातल्या प्रत्येक पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही, सापचाव्यापासून बैलजोडीच्या चोरीपर्यंत. मला लंगोटापासून ओळखतात, म्हणून मी मास्तर झालो तरी ते मला अरेतुरेच करतात.

"काऊन खोलली बे मास्तर?"

"जेट बदलतो, आबाजी."

"हे? हे तं फवारणी पंपाची नोझल व्हय."

"तसंच समजा."

"मंग सरळ नोझल म्हण ना. अन् नवी कायले आणली? बाभयीचा काटा घाल जुनीत, मोकयी होते."

मी सांगितलं, जेटमध्ये काटा घालू नये, तार तर मुळीच घालू नये, भोक मोठं होतं.

"मंग मोठंच पायजे म्हणून रायला ना तू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाही म्हणायला मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, इथेनॉलसाठी मोठं भोक लागते. पण उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, 45 डिग्रीत हवाच कमी मिळते, म्हणून पेट्रोलही कमी लागते, म्हणजे लहान भोक लागते.

"म्हंजे सरकार म्हणते मोठं, ऊन म्हणते लहान." आबाजी खाटेवर टेकले. "शकुंतलेले कवा नोझल बदलली होती का रे?"

शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ–मूर्तिजापूरची छोटी गाडी, दारव्ह्यावरून जायची. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 मध्ये बनलं आणि 1923 पासून 1994 पर्यंत त्यानंच तिला ओढलं. कोळसा टाका, चालते. कोळशात वीस टक्के दुसरं काही मिसळलंय, असं तिला कोणी ऐकवलं नाही. इथे आम्हाला वीस टक्के इथेनॉलचं 2030 चं लक्ष्य 2025 लाच गाठून दाखवलं. पाच वर्षं आधी! आमच्या पांदण रस्त्याच्या बाबतीत असा घाईचा झटका कोणाला आलेला मी पाहिला नाही. बरं, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. पंपावर लिटरमागे मी काही कमी देतो का? नाही. असो, जेट.

म्हणजे जेट नव्हताच. ताटात जुना होता, नवा नव्हता. मी ताट झटकलं, बनियन झटकलं, गुडघे टेकून मातीवर हात फिरवला. आणि त्याच वेळी काकूंची लाल कोंबडी ताटाजवळून मान ताठ करून, काही झालंच नाही अशा चालीनं निघून गेली.

"हालू नोको!" आबाजी कडाडले. "घटनास्थय हाये."

मला वाटलं गंमत करतात. आबाजींनी सातवीतल्या एका पोट्ट्याला हाक मारली. हा माझाच विद्यार्थी. त्याच्या हातात वही दिली आणि उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली: "आम्ही खाली सही करणारे पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की... लिहिलं का? घटनास्थयाची चतुःसीमा. पूर्वेस मोटारसायकल, सुटी. पश्चिमेस संडास. उत्तरेस निंबाचं झाड. दक्षिणेस फिर्यादीची बायको, उभी."

बायको खरंच उभी होती. ताटाकडे पाहत.

"गहाळ वस्तूचं वर्णन. रंग पिवळा. किंमत?"

"साठ रुपये. कुरियर धरून दीडशे."

"कुरियर धरत नाई पंचनाम्यात." मग टेप मागवला. निंबापासून ताट नऊ फूट चार इंच, ताटापासून कोंबडीचा मार्ग अकरा फूट. आबाजी त्या मार्गावरून चार वेळा गेले, चार वेळा आले. पोट्ट्यानं कारबुरेटर असं लिहिलं होतं, ते मीच दुरुस्त करून दिलं. सवय वाईट.

हे सगळं चालू असताना मला हसू येत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात सोयाबीन पाण्यात कुजलं तेव्हा आमच्या शेताचा पंचनामा झाला होता. साहेब डांबरी रस्त्यावर गाडीत बसून होते, काच अर्धी खाली. चिखल होता म्हणे. बांधावरही कोणी आलं नाही. तेव्हा पंच म्हणून आबाजीच होते. मी ते बोलून दाखवलं.

आबाजी टेप गुंडाळत म्हणाले, "सही केली म्या. कोरा होता कागद." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम पोट्ट्यावर ओरडले, "इंच लिहिले का रे? नऊ फूट चार इंच! चार सोडू नोको!"

शेवटी फिर्यादीचा जबाब. "हा जेट काय काम करते?"

मी सांगितलं. हा मोठा जेट. गाडी नुसती घुरघुरत असते तेव्हा लहान जेट चालतो, अर्ध्या रेसमध्ये सुईचं काम असतं, आणि रेस पाऊणच्या वर गेली की मग हा कामाला लागतो.

"पाऊणच्या वर म्हंजे केवढी पयते गाडी?"

"सत्तर तरी."

"आपल्या रस्त्यानं तू कवा सत्तरनं गेला बे?"

पोट्टा लिहायचा थांबला. बायको तर थांबलीच होती. मी हिशेब केला. शाळेचा रस्ता अठरा किलोमीटर. त्यात खड्डे, बैलगाड्या, तुरीच्या कडप्या, दोन नाले, नऊ गतिरोधक. तिसाच्या वर काटा जातो तो फक्त उतारावर, आणि उतारावर रेस सोडलेली असते. म्हणजे हा जेट माझ्या आयुष्यात कामाला लागतच नाही. दुरुस्ती करायची तर सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन सुई वर उचलायची होती, म्हणजे पेट्रोल जास्त येतं. त्याला खर्च शून्य रुपये, कुरियर शून्य.

"लिही," आबाजी म्हणाले. "फिर्यादी निरुत्तर."

जुना जेट परत बसवला, बसवण्याआधी तोंडानं फुंकला. पेट्रोलची चव रात्रीपर्यंत जिभेवर होती. वरणात, ताकात, पाण्यात. क्लिप एक खाच खाली घेतली. फाट फाट बरीच कमी झाली. बगळे आता बसून राहतात.

कोंबडीचं मात्र बिघडलं. आबाजींनी काकूंना जाऊन सांगितलं, मास्तरचा संशय आहे, दोन दिवस डाल्याखाली ठेवा, विष्ठा तपासा. माझं नाव घेऊन! काकूंनी डालं ठेवलं, तपासलं, काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून एवढंच म्हटलं, "मायी कोंबडी चोर नाई." आणि तेव्हापासून अबोला. अंडीही बंद.

काल संध्याकाळी आबाजी आले. हातात कागदाची पुडी, पुडीत जेट. 80.

"कुठं सापडला?"

"घटनास्थयाच्या बाहेर."

मी खाली पाहिलं. त्यांच्या डाव्या रबरी चपलेच्या टाचेत एक नवाकोरा गोल खड्डा होता, करंगळीच्या नखाएवढा. त्यांनी पाय उजव्या पायामागे सरकवला.

"मुद्देमाल मियाला म्हणून इथी सही कर," त्यांनी वही पुढे केली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: कोंबडी निर्दोष.

मी सही केली. म्हटलं, आता एवढं काकूंना दाखवून या.

"म्या काऊन?" आबाजी निघाले. "फिर्यादी तू व्हय. तूच जा."