वीसच?

परवा संध्याकाळी एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या कॅमेऱ्याची कीव केली. माझी केली असती तर मी मनाला लावून घेतलं नसतं, घरी ते रोजचंच आहे. पण कॅमेऱ्याची? आठ महिने पारखून घेतलेला कॅमेरा आहे तो.

टेकडीवर सूर्यास्ताला गर्दी होती. म्हणजे शंभरेक माणसं सूर्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती आणि मी एकटा सूर्याकडे तोंड करून कॅमेऱ्याचा पडदा वाचायची खटपट करत होतो. उन्हात त्या पडद्यावर फक्त माझं नाक दिसतं. नाकाच्या पलीकडे कुठेतरी सूर्य असणार, असं धरून मी अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, ठरवत होतो. तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला.

"डिजिटल आहे?"

अंगात विंडचीटर, कानांवर टोपी, हातात पुस्तकासारखं उघडणाऱ्या कव्हरातला मोबाइल. कव्हराच्या खणात दोन-तीन कार्डं आणि चार घड्या घातलेली एक पावती. फोटो काढायला कव्हर मागे दुमडलं की पावती डोकं वर काढायची, की हे अंगठ्याने तिला परत आत दाबायचे. पुढच्या वीस मिनिटांत ती पावती माझ्या इतकी ओळखीची झाली की आता दिसली तर मी तिला नमस्कार करीन.

"हो, डिजिटल."

"रोल नाही ना लागत?"

"नाही."

"बरं आहे." मग जरा थांबून, "किती मेगापिक्सेल?"

"वीस."

"वीसच?"

आपल्या भाषेत 'च' हे एकटं अक्षर माणसाला आयुष्यातून उठवू शकतं. "तुम्ही आलात?" यात आनंद असतो. "तुम्हीच आलात?" यात दुसऱ्या कोणाची तरी वाट बघितलेली असते. पगाराला, मार्कांना, केसांना, कशालाही तो 'च' लावून बघा. तुमच्याजवळ काल होतं तेवढंच आजही असतं, पण आता ते दाखवायची लाज वाटते.

"माझ्यात एकशे आठ आहेत," ते म्हणाले. फुशारकी असती तर मला भांडता तरी आलं असतं. पण आवाजात काळजी होती हो. शेजाऱ्याकडे सकाळपासून पाणी आलेलं नाही हे कळल्यावर "आमच्याकडे आलं बाई" असं आपण ज्या सुरात म्हणतो, तो सूर.

इथे गप्प बसायचं असतं. मी सेन्सर समजावून सांगायला घेतला.

"अहो, मेगापिक्सेलवर काही नसतं. सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो तुकडा, केवढा ते बघायचं. माझा एक इंची आहे."

"एक इंच?" त्यांनी अंगठा आणि तर्जनीत इंचभर अंतर धरलं आणि तो चिमटा माझ्या कॅमेऱ्यावर लावून बघितला. "एवढा बसतो आत?"

नाही बसत, आणि इथेच माझी गोची झाली. कारण एक इंची सेन्सरमध्ये इंच कुठेच नसतो. लांबी १३.२ मिलिमीटर, रुंदी ८.८, तिरपं मोजलं तरी जेमतेम १६. इंच २५.४ चा. पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या. नळीचा बाहेरचा व्यास इंचभर असला तरी चित्र उमटायचं आतल्या साधारण १६ मिलिमीटर भागावर. नळ्या कधीच गेल्या, पण हिशेब तोच चालू. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. हे मला कॅमेरा घेण्याआधी माहीत नव्हतं असं नाही. मी आलेखाच्या कागदावर सगळे सेन्सर खऱ्या मापाने आखून, कापून, कपाटाच्या दाराला चिकटवले होते. साध्या कॉम्पॅक्टमधला, म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्यातला, करंगळीच्या नखाएवढा, त्याच्या चौपट माझा, आणि माझ्या साडेसातपट तो फुल फ्रेमवाला, ३६ बाय २४. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना वाटायचं मुलाचा गणिताचा अभ्यास आहे. आम्हाला मूल नाही.

आठ महिने गेले ते यात. मला काय हवं होतं? खिशात मावेल, पण फोटो खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने काढल्यासारखा दिसणार नाही, एवढंच. ही अपेक्षा काही जगावेगळी नव्हती. २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० आला तेव्हापासून एक इंची सेन्सर खिशात घालून फिरता येतं. त्याहून मोठा सेन्सर हवा तर फुजिफिल्मचा एक्स१०० होता, रिकोचा जीआर होता, पण त्यांना झूम नाही. जवळचं हवं असेल तर आपण चालत जवळ जायचं. मी चालणारा माणूस नाही. ज्याला झूम लांबचा त्याची लेन्स अंधारात आंधळी, ज्याची लेन्स उजेड भरपूर घेणारी त्याचा झूम आखूड, आणि ज्यात दोन्ही आहे तो खिशात घातला की पँट एका बाजूने खाली येते. मी तक्ता केला. तक्त्याला रंग दिले. शेवटी बायको म्हणाली, "तू ज्याचे फोटो काढणार आहेस ती माणसं म्हातारी होतायत." त्या रात्री घेतला.

घेतल्यावर कळलं की तक्त्यात असलेल्या गोष्टींचा पुढे काही संबंध येत नाही. ज्यांचा येतो त्या तक्त्यात नव्हत्या. अंग साबणाच्या नव्या वडीसारखं गुळगुळीत. बोटं अडकवायला उंचवटा हवा तर तो वेगळा विकत आणून चिकटवायचा! म्हणजे चप्पल घ्या आणि अंगठा वेगळा घ्या. मेनूत शिरलं की तारीख बदलायला जावं आणि भाषा बदलून परत यावं. आणि धूळ. लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर करते, बाहेर येताना हवा ओढते, हवेबरोबर खिशातला कचरा ओढते. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे आत बसलेला कण पुसताही येत नाही. माझ्या प्रत्येक आकाशात डावीकडे वर एक राखाडी ठिपका आहे. पहिले काही दिवस मी त्याला घार म्हणत होतो. दुरुस्तीच्या खिडकीवरच्या मुलाने विचारलं, "खिशात ठेवत होता का?" अरे, कॉम्पॅक्ट आहे ना तो? मग काय डोक्यावर ठेवू? २०१० साली जगभरात कंपन्यांनी १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. दोष सगळा मोबाइलला देतात. थोडासा त्या खिडकीलाही द्यावा असं माझं मत आहे.

असो. गृहस्थ अजून चिमटा धरून उभे होते.

"इंच म्हणजे तसा इंच नव्हे," मी म्हणालो.

"मग कसा?"

मी विषय बदलला. "तुमचे एकशे आठ पण खरे एकशे आठ नसतात. फोन नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक करतो. फोटो निघतो बाराचा. माझा वीसचा." हे वाक्य मी कित्येक महिने जपून ठेवलं होतं. टाळ्यांसाठी थांबलोदेखील.

ते विचारात पडले. पावती आत दाबली. "म्हणजे नऊ जण मिळून एकाचं काम करतात."

"बरोबर!"

"आमच्या ऑफिसात तसंच होतं. पण काम व्हायचं."

मग मी इतिहास काढला. म्हटलं, कॅननने २००८ साली जी१० काढला तो १४.७ मेगापिक्सेलचा, आणि दुसऱ्याच वर्षी जी११ काढला तो १० चा. मुद्दाम कमी केले, कारण एवढ्याशा सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की कमी उजेडात फोटोत दाणे दिसतात. नव्या मॉडेलात आकडा खाली आणायला धाडस लागतं, साहेब!

"त्यांच्याकडचे संपले असतील," गृहस्थ म्हणाले.

झूमवरही बोलणं झालं. माझा चार पट, त्यांचा शंभर. त्यांनी मला चंद्र दाखवला, त्यावरचे डाग दाखवले. माझ्या कॅमेऱ्यातला चंद्र साबुदाण्याएवढा येतो, हे मी सांगितलं नाही. मागचं धूसर करण्यावर मी जरा सावरलो, कारण तिथे त्यांच्या फोनने एका भाच्याचा अर्धा कान धूसर करून टाकला होता. मी उत्साहाने म्हणालो की खऱ्या लेन्सचा 'बोके' वेगळाच असतो. हा जपानी शब्द मराठी माणसासमोर काढू नये. मागे घरीही तेच झालं होतं. "मागचे बोके बघ किती मऊ आलेत," असं म्हणून मी फोटो पुढे केला, तर बायको बराच वेळ बघून म्हणाली, "मला एकही मांजर दिसत नाही." गृहस्थांनी नुसतंच कठड्याखाली वाकून पाहिलं.

सूर्य टेकला तशी मी चार फोटो घेतले. त्यांनी मान पुढे करून माझा पडदा बघितला. आकाश ठीक होतं, खाली सगळा डांबराचा पिंप.

"काळं आलंय."

"हा रॉ आहे, म्हणजे कच्चा. घरी जाऊन कॉम्प्युटरवर सावल्या उचलायच्या."

"घरी जाऊन?" त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "मग आत्ता काय काढलंत?"

याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. त्यांनी कव्हर मागे दुमडलं, पावती वर आली, पावती आत गेली, टक् झालं. आकाश केशरी, गवत गवताच्या रंगाचं, कठड्यावरची गंजाची पुटंसुद्धा दिसत होती. फोन एका क्षणात पाच-सहा फोटो घेतो, त्यातल्या उजळ-काळ्या भागांची जुळणी करतो आणि शिजवूनच हातात देतो. हे मला माहीत आहे. माहीत असून काय उपयोग?

"तुमचा काढू का एक?" ते म्हणाले. "तुमच्यातच काढतो, तुम्हाला आवडेल."

मी कॅमेरा दिला. मनगटाचा पट्टा अडकवून दिला. त्यांनी आधी पडद्यावर माझ्या तोंडाला बोट लावलं, मग परत लावलं, मग जोरात लावलं. "टच नाही," मी म्हणालो. मग ते लेन्सच्या बाजूने आत डोकावले. मग बटण सापडलं. मी म्हणत होतो, "आधी अर्धं दाबा, थांबा, मग पूर्ण," तर त्यांनी दाराची बेल दाबावी तसं दाबलं. आवाज मी बंद करून ठेवला आहे, त्यामुळे निघाला की नाही हे कळेना, म्हणून आणखी तीनदा बेल वाजवली. चारही फोटोंत मी धुक्यात आहे आणि माझ्यामागच्या कठड्याचा बोल्ट असा काही आला आहे की त्याचे आटे मोजावेत. फोकसचा चौकोन मी सकाळी एका फुलासाठी कोपऱ्यात नेऊन ठेवला होता, त्याचा हा परिणाम, असं मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

"असू द्या," ते म्हणाले, आणि खांद्यावर हात ठेवला. कीव केली ती इथे. "जुनं झालं की होतं असं." मग त्यांनी आपल्या फोनवर माझा एक काढला, मला नंबर विचारला, आणि मी कॅमेरा पिशवीत घालेपर्यंत तो येऊनही पडला.

त्या दिवसाच्या माझ्या दोनशे चौदा फोटोंपैकी एकही घरात कोणी मागितला नाही. हा मागितला. बायकोने तो बहिणींना पाठवला, तिथून तो आमच्याच ग्रुपवर परत आला. चांगला आहे, नाही म्हणत नाही. कान दोन्ही शाबूत आहेत. आणि माझ्या हातातला कॅमेरा इतका सुरेख आलाय की मी बोटांनी फोटो मोठा केला. लेन्सभोवतीची अक्षरं वाचता येतात. वरच्या चकतीवरच्या खुणाही दिसतात.

चकती हिरव्या ऑटोवर आहे.

मी अॅपर्चरवर काढतो. पहिल्या दिवसापासून. ऑटोवर असताना अॅपर्चरही कॅमेराच ठरवतो आणि फोकसचा चौकोनही, हे मी स्वतः चार जणांना शिकवलेलं आहे. तेव्हा चकती त्यांच्या अंगठ्याने फिरली, पावती दाबायच्या सवयीने, आणि तीही माझे चार फोटो काढून झाल्यावर. बायकोने विचारलं, मग सकाळच्या फोटोंच्या माहितीतही ऑटो का लिहिलंय? मी म्हटलं, तारीख बदलायला गेलो होतो तेव्हा काहीतरी झालं असेल.